अरण्यवाट आणि आत्मभान : बेने इस्राएल परंपरेच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

बीजसंज्ञा : बेने इस्राएल, एलियाहू हानाबी, अरण्य, पदयात्रा, शब्बाथ, मलिदा, कचारगड

प्रस्तावना

धर्माचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे ग्रंथ, मंदिर आणि पुरोहितवर्ग या तीन गोष्टींकडे जाते, कारण लेखी व वास्तुरूप पुरावा तेथे उपलब्ध असतो. परंतु ज्या समाजाजवळ दीर्घकाळ यांपैकी काहीच नव्हते, त्याने आपला धर्म कशाच्या आधारे टिकविला, हा प्रश्न त्यामुळे दुर्लक्षित राहतो. कोकणातील मराठी भाषक ज्यू, म्हणजेच बेने इस्राएल समाज, हे या प्रश्नाचे महत्त्वाचे उदाहरण आहे. रानवाट तुडवीत जाणे, ठरावीक वेळी थांबणे आणि एखाद्या स्थळी पूर्वजांचे स्मरण करणे या साध्या कृतींतून ज्यू परंपरेत आध्यात्मिक अर्थ कसा घडत गेला आणि बेने इस्राएलांनी तो महाराष्ट्राच्या भूमीत कसा रुजविला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

ज्यू परंपरेतील अरण्याची संकल्पना

हिब्रू धर्मग्रंथात इस्राएल लोकांची घडण नगरात नव्हे, तर अरण्यात झालेली दाखविली आहे. इजिप्तच्या दास्यातून सुटल्यानंतर ते चाळीस वर्षे अरण्यात भटकले आणि तेथेच सिनाय पर्वतावर त्यांना नियमशास्त्र मिळाले. मराठी बायबलमध्ये ‘गणना’ या नावाने येणाऱ्या ग्रंथाचे हिब्रू नाव ‘बमिद्बार’, म्हणजे ‘अरण्यात’, असे आहे. ‘मिद्बार’ या शब्दासाठी मराठीत ‘अरण्य’ हा शब्द रूढ झाला असला, तरी त्यातून अभिप्रेत आहे ती घनदाट वृक्षराजी नव्हे, तर वस्तीबाहेरची ओसाड, चराऊ भूमी. नियमशास्त्र अशा निर्जन जागी का मिळाले, या प्रश्नाला प्राचीन भाष्यकारांनी दिलेले उत्तर मार्मिक आहे. अरण्य कोणाच्याही मालकीचे नसते. म्हणून तेथे मिळालेले ज्ञान ज्याला हवे त्याला स्वीकारता येते.

चालण्याचा संस्कार सणांच्या नावांतही उमटला आहे. पेसाह, शाबुओथ आणि सुक्कोथ या तीन यात्रोत्सवांना मिळून ‘शालोश रगालिम’ म्हणतात. ‘रेगेल’ म्हणजे पाऊल. यरुशलेमचे मंदिर उभे होते तोवर या सणांना पायी वर चढून जाण्याची प्रथा होती. सुक्कोथमध्ये उभारल्या जाणाऱ्या मांडवामुळे अरण्यातील तात्पुरत्या निवाऱ्याची आठवण दरवर्षी जागी होते.

मात्र या चालण्याला मर्यादाही आहे. शब्बाथच्या दिवशी वस्तीच्या सीमेपासून दोन हजार हातांपलीकडे जाऊ नये, असा धर्मशास्त्राचा दंडक आहे. हे अंतर सुमारे एक किलोमीटर भरते. सहा दिवस चालणाऱ्या प्रवाशाला सातव्या दिवशी जेथे असेल तेथे थांबावे लागते. मुक्कामाचे ठिकाण कितीही जवळ आलेले असले, तरी चालणाऱ्याला ते त्या दिवशी गाठता येत नाही. गती आणि विराम यांचा हा मेळ ज्यू अरण्यानुभवाचे मुख्य वैशिष्ट्य मानावा लागेल.

एलियाहू : परत पाठविला गेलेला प्रवासी

अरण्यातील एकाकी प्रवासाची सर्वांत प्रभावी कथा एलियाहू, अर्थात मराठी बायबलमधील एलीया, या संदेष्ट्याची आहे. राणीच्या भीतीने पळालेला एलियाहू एक दिवसाची वाट चालून अरण्यात जातो आणि एका झुडुपाखाली बसून मरण मागतो. देवदूताने दिलेल्या भाकरी-पाण्याच्या बळावर तो चाळीस दिवस व चाळीस रात्री चालून होरेब पर्वतावरील गुहेत पोहोचतो. तेथे प्रचंड वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी पेटतो. पण यांपैकी कशातही परमेश्वर नसतो. त्यानंतर अतिशय मंद असा स्वर त्याच्या कानी येतो. या कथेचा शेवट विशेष लक्षणीय आहे. त्या मंद स्वरानंतर एलियाहूला गुहेत राहण्याची नव्हे, तर आल्या वाटेने परतून आपले कार्य करण्याची आज्ञा होते. म्हणजे येथे अरण्य हे संन्यासाचे स्थान ठरत नाही, कर्तव्याकडे परतण्यापूर्वीचा तो एक टप्पा ठरतो.

पुढील काळातही ही दृष्टी टिकून राहिली. ब्रात्स्लाव्हचे रब्बी नाहमान (१७७२–१८१०) यांनी अनुयायांना शेतात व रानात एकटे जाऊन स्वतःच्या बोलीत ईश्वराशी बोलण्याचा उपदेश केला. आधुनिक काळात इस्राएलमध्ये उत्तरेच्या दान परिसरापासून दक्षिणेच्या एलातपर्यंत जाणारा सुमारे एक हजार किलोमीटरचा पायी मार्ग १९९५ मध्ये खुला झाला. अमेरिकेत रब्बी माइक कॉमिन्स यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अरण्यभ्रमण आणि ज्यू उपासना यांची सांगड घातली.

कोकणच्या भूमीतील एलियाहू

बेने इस्राएलांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया बचावल्या. आपल्याजवळचे ग्रंथ समुद्रात गेले, असेही ही परंपरा सांगते. पुढे कित्येक शतके या समाजाजवळ प्रार्थनामंदिर नव्हते, रब्बी नव्हता, हिब्रू ग्रंथांचे अध्ययनही नव्हते. तेलाचे घाणे चालविणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारच्या गावकऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. शब्बाथचा विराम हीच त्यांची ओळख बनली. सुंता, आहाराचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना यांच्या बळावर त्यांनी आपले वेगळेपण जपले. केहिमकर, नवगावकर, रोहेकर, पेणकर यांसारख्या आडनावांतून ते ज्या गावांत विखुरले त्यांचा नकाशाच समोर येतो.

याच परिसरात अलिबाग तालुक्यातील खंडाळे गावाजवळ एक खडक आहे. स्वर्गारोहण करताना एलियाहूचा अग्निरथ या खडकाला स्पर्शून गेला आणि त्याच्या चाकांच्या व घोड्यांच्या टापांच्या खुणा तेथे उमटल्या, अशी समाजाची श्रद्धा आहे. ‘एलियाहू हानाबीचा टापा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या स्थळी नवस बोलले व फेडले जातात. पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा करून एलियाहूच्या नावे प्रार्थना म्हटली जाते. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या समाजेतिहासात शबाट महिन्यातील ‘एलियाहू हानाबीचा उरूस’ या सणाची नोंद आहे. हा सण शबाटच्या पंधराव्या तिथीला येतो आणि ज्यू परंपरेत तोच वृक्षांच्या नववर्षाचा दिवस आहे.

पौराणिक भूगोल असा स्थानिक भूमीत उतरविणे महाराष्ट्राला अपरिचित नाही. ‘उरूस’, ‘नवस’ आणि ‘मलिदा’ हे शब्द शेजारच्या हिंदू-मुस्लिम लोकाचाराशी असलेला निकटचा संबंध दाखवितात. ज्यांना यरुशलेमला पायी जाणे अशक्य होते, त्यांनी आपल्या पंचक्रोशीत पायी जाता येईल असे स्मरणस्थळ निर्माण केले. मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी पहिले प्रार्थनामंदिर उभारले, १८४६ मध्ये मुंबईत व १८७४ मध्ये पुण्यात पेसाहची ‘हगादा’ मराठीसह छापली गेली. तरीही खडकाचे महत्त्व ओसरले नाही.

पुराव्याचा प्रश्न

या इतिहासाला वेदनेची एक बाजूही आहे. १९४८ नंतर इस्राएलमध्ये स्थलांतरित झालेल्या बेने इस्राएलांच्या ज्यूपणाविषयी तेथे शंका घेण्यात आली. १९६२ मध्ये प्रमुख रब्बींच्या धर्मपीठाने विवाहापूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले. समाजाने तीव्र आंदोलन केले आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने त्यांना सर्व दृष्टींनी ज्यू मानले जावे, असा निर्वाळा दिला. ज्यांनी शतकानुशतके शनिवारी घाणा थांबविला, त्यांच्याकडे वंशावळीची मागणी व्हावी, हा पुराव्याविषयीच्या संकुचित समजुतीचा परिणाम होता. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर येथील समाज अवघ्या काही हजारांवर आला होता.

दवनीवाड्यासारख्या गोंदिया जिल्ह्यातील गावांत वावरणाऱ्या अभ्यासकाला हा प्रश्न दूरचा वाटू नये. याच जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात कचारगडची विशाल नैसर्गिक गुहा आहे. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायतार यांनी येथे कोंडलेल्या काली कंकालीच्या मुलांची मुक्तता केली, अशी गोंड समाजाची श्रद्धा असून माघी पौर्णिमेला अनेक राज्यांतील भाविक रानवाटेने चढून गुहेपर्यंत येतात. बेने इस्राएल व गोंड या दोन परंपरांत कोणताही ऐतिहासिक संबंध सूचित करण्याचा येथे हेतू नाही. परंतु दोन्हीकडे सामूहिक स्मृती ग्रंथाऐवजी खडकात, गुहेत आणि तिथपर्यंतच्या वाटेत साठविली गेली आहे. दोन्ही उत्सव चांद्र तिथींवर चालतात. २०२०, २०२३ आणि २०२५ या वर्षी तर कचारगडच्या माघी पौर्णिमेच्या सूर्यास्तालाच शबाटची पंधरावी तिथी सुरू झाली. हा पंचांगाचा योगायोग असला, तरी एकाच चंद्राखाली राज्याच्या दोन टोकांना पूर्वजांचे स्मरण करणारे समाज आहेत, याची जाणीव तो करून देतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, ज्यू परंपरेत अरण्याचा आध्यात्मिक अर्थ केवळ एकांतात नसून चालणे, थांबणे आणि परतणे या तिन्हींच्या संयोगात आहे. दुसरी, बेने इस्राएलांनी ग्रंथ व मंदिर यांच्या अभावी हा अर्थ शनिवारच्या विरामातून आणि खंडाळ्याच्या खडकातून जिवंत ठेवला. तिसरी, अशा समाजांची वाट, तिथी आणि स्थळे हीदेखील इतिहासाची साधने आहेत. आता खंडाळ्यापर्यंत वाहने जातात आणि पायवाटेची जाण असलेली पिढी विरळ होत आहे. कागदपत्रे अभिलेखागारात सुरक्षित राहू शकतात. वाट मात्र चालणारे उरले नाहीत, तर मोडते. म्हणून त्या वाटांची, त्यांवरील मुक्कामांची आणि तेथे सांगितल्या जाणाऱ्या कथांची पद्धतशीर नोंद करणे, हे स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास विभागांचे तातडीचे कर्तव्य ठरते.