विडंबन
संस्कृतातील ‘विडम्ब्’ या धातूत अनुकरण आणि उपहास हे दोन्ही अर्थ असून, त्यापासून मराठीत ‘विडंबन’ आणि ‘विटंबना’ असे दोन शब्द रूढ झाले. त्यांपैकी विटंबनेत केवळ अवहेलना उरली, तर विडंबनाने, म्हणजे मूळ कवितेचे वृत्त, शैली व शब्दकळा उचलून तीत क्षुल्लक विषय भरण्याच्या तंत्राने, अनुकरणाचा अर्थही जपला. ‘केशवकुमार’ या नावाने लिहिणाऱ्या प्र. के. अत्रे यांच्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या संग्रहात, रविकिरण मंडळ या कविगटासह समकालीन कवींच्या लकबी अचूक हेरत, हे तंत्र मराठीत परिपक्व झाले. उपरोधाला शब्दांमागचा उलट अर्थ कळणे पुरते. विडंबनाला मात्र मूळ कविता वाचकाच्या कानात असावी लागते, म्हणून अत्र्यांच्या संग्रहाआधी त्या काळची कविता अवश्य वाचावी.