सेव्हन-बी : एका निळ्या पडद्याची कुळकथा

डिस्कची नक्कल हुबेहूब उतरलेली असते. एकही फाइल गळलेली नसते, एकही बिट इकडचा तिकडे झालेला नसतो. ती डिस्क नव्या व्हर्च्युअल मशीनला जोडून ते सुरू केलं, की विंडोजचं बोधचिन्ह उमटतं, खालची पट्टी सरकायला लागते आणि तेवढ्यात पडदा निळा होतो. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एक आकडा असतो : स्टॉप ०एक्स००००००७बी. सोबत त्याचं नाव, ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. ज्या डिस्कवरून विंडोज आत्ता सुरू होत होती, तीच डिस्क आपल्याला सापडत नाही, अशी तिची तक्रार असते.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या बोलीत हा ‘सेव्हन-बी’. विंडोज एनटीच्या काळापासून तो होताच, पण त्याची खरी ख्याती झाली ती खरेखुरे सर्व्हर उचलून व्हर्च्युअल मशीनमध्ये नेण्याचा उद्योग सुरू झाला तेव्हा. या उद्योगाला ‘पी-टू-व्ही’ म्हणतात : फिजिकल टू व्हर्च्युअल. दिसायला हे साधं कॉपी करण्याचं काम. ते साधं का नाही, याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं.

व्हर्च्युअल मशीनचा जन्म मेनफ्रेमच्या घराण्यातला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथे आयबीएमचं एक संशोधन केंद्र होतं. तिथे रॉबर्ट क्रीसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये ‘सीपी-४०’ या प्रणालीचं काम हाती घेतलं. १९६७ च्या सुरुवातीला ती वापरात आली आणि एकाच सिस्टीम/३६० मशीनवर चौदापर्यंत स्वतंत्र ‘मशीन’ भासवू लागली. पुढे १९७२ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने ‘व्हीएम/३७०’ जाहीर केलं. या घराण्यात सेव्हन-बीसारखं दुखणं सहसा उद्भवत नसे. खालचं यंत्रही आयबीएमचं, वर भासवलेलं यंत्रही त्याच आराखड्याचं आणि त्याला जोडलेल्या डिस्क, टेपही ओळखीच्याच. त्यामुळे आत शिरलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमला आपण परक्या घरात आल्याची जाणीवच होत नसे.

पीसीची गोष्ट उलटी. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एखादा प्रोसेसर व्हर्च्युअलायझेशनला पात्र आहे की नाही, हे ठरवण्याचे नियम मांडले होते. इंटेलचा एक्स८६ त्या परीक्षेत नापास होत होता. पेंटियमच्या सतरा सूचना या कामात अडचणीच्या ठरतात, असं २००० मधल्या एका अभ्यासाने मोजून दाखवलं. त्यातली ‘पॉपएफ’ ही सूचना तर नमुनेदार आहे : अधिकार नसताना तिच्यामार्फत इंटरप्ट बंद करू पाहिले, तर प्रोसेसर नकारही देत नाही आणि काम करतही नाही. नकार आला असता, तर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या नियंत्रकाला तो पकडता आला असता.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधनातून १९९८ मध्ये उभ्या राहिलेल्या व्हीएमवेअर या कंपनीने यावर वाट काढली. अडचणीच्या सूचना धावता धावताच बदलून टाकायच्या, असं हे तंत्र. डायन ग्रीन, मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांच्या या कंपनीने मे १९९९ मध्ये ‘वर्कस्टेशन’ बाजारात आणलं. पण प्रोसेसरचा पेच सुटला तरी दुसरा होताच. पीसीच्या जगात डिस्क कंट्रोलर शेकडो, नेटवर्क कार्डं शेकडो. नक्कल करायची तर कशाची? व्हीएमवेअरने मोजकी, सर्वपरिचित उपकरणं निवडली : इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा मदरबोर्ड, बसलॉजिकचा स्कझी कंट्रोलर, एएमडीचं पीसीनेट हे नेटवर्क कार्ड. खाली प्रत्यक्षात कुठलंही यंत्र असो, आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला कायम हेच दिसणार.

सेव्हन-बीचं बीज या निर्णयात आहे. एकदा व्हर्च्युअल झालेलं मशीन कुठल्याही सर्व्हरवर सहज हलवता येतं, ते याच ठरावीक उपकरणांमुळे. आणि खऱ्या सर्व्हरमधून आलेली विंडोज पहिल्याच पावलाला ठेचकाळते, तीही त्यांच्यामुळेच. तिचा जन्म अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या कुठल्या तरी रेड कंट्रोलरवर झालेला असतो, बसलॉजिक तिने कधी पाहिलेलाच नसतो.

विंडोज २००० किंवा एक्सपी कशी सुरू होते, ते थोडं बारकाईने पाहायला हवं. मशीन सुरू झालं की आधी बायोस जागा होतो. ‘एनटीएलडीआर’ हा छोटा प्रोग्राम बायोसच्या मदतीने डिस्क वाचतो आणि विंडोजचा गाभा, हार्डवेअरशी बोलणारा ‘हॅल’ हा थर आणि विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, ‘बूटच्या वेळी हवेत’ अशी खूण असलेले ड्रायव्हर मेमरीत आणून ठेवतो. इथपर्यंत सगळं सुरळीत असतं, कारण बायोसला डिस्क वाचता येते. मग गाभा सूत्रं हाती घेतो आणि बायोसला रजा देतो. यापुढे डिस्क वाचायची ती स्वतःच्या ड्रायव्हरने. मेमरीत आलेले ड्रायव्हर जुन्या कंट्रोलरचे असतात. नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर कदाचित डिस्कवर असतोही, पण तो वाचायला डिस्क उघडायला हवी आणि डिस्क उघडायला तो ड्रायव्हर हवा. किल्ली घरात राहून दार ओढलं गेल्यासारखी ही अवस्था. गाभ्यापुढे दुसरा मार्ग उरत नाही, तो सेव्हन-बी दाखवून थांबतो.

म्हणजे बिघाड डिस्कमध्ये नसतो, नकलेतही नसतो. विंडोजने इन्स्टॉल होताना आपल्या शरीराची जी नोंद करून ठेवलेली असते, ती आता खोटी ठरलेली असते. पी-टू-व्हीची सगळी दुरुस्ती ही अशा नोंदी हुडकण्याची आणि बदलण्याची विद्या आहे.

ही विद्या आधी हातानेच शिकली गेली. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड इथे तयार झालेलं आणि १९९८ मध्ये सिमँटेकने घेतलेलं ‘घोस्ट’ हे डिस्कची प्रतिमा काढण्याचं साधन बहुतेक कार्यालयांत होतंच. घोस्टने सर्व्हरची प्रतिमा काढायची, व्हर्च्युअल मशीन बूट फ्लॉपीवरून सुरू करून त्यात ती उतरवायची, निळा पडदा पाहायचा आणि मग उपचाराला लागायचं. मायक्रोसॉफ्टने डिस्क एका संगणकातून दुसऱ्यात नेणाऱ्यांसाठी ३१४०८२ क्रमांकाचा एक मदतलेख काढला होता. त्यातली कृती अशी : अ‍ॅटापी, इंटेलआयडीई, पीसीआयआयडीई हे सामान्य ड्रायव्हर जागेवर आहेत ना ते पाहा आणि रजिस्ट्रीतल्या ‘क्रिटिकल डिव्हाइस डेटाबेस’मध्ये त्यांच्या नोंदी घाला. या यादीतली उपकरणं विंडोज बूट होता होताच ओळखते. यादीत नाव आहे, ड्रायव्हर सुरुवातीलाच चढतो आहे, एवढं जमलं की निळा पडदा हटतो.

नक्कल काढण्याआधी हे करायचं राहून गेलं, तर नव्या डिस्कला दुसऱ्या चालू व्हर्च्युअल मशीनची जादा डिस्क म्हणून जोडायचं आणि बाहेरून तिची रजिस्ट्री उघडायची. इथे नवखे हमखास अडत. मदतलेख ‘करंट कंट्रोल सेट’मध्ये बदल करायला सांगतो, पण झोपलेल्या विंडोजच्या रजिस्ट्रीत त्या नावाचा कप्पाच नसतो. तो फक्त चालू मशीनमध्ये तयार होतो. बंद डिस्कवर ‘कंट्रोल सेट ००१’सारखे क्रमांक असतात, आणि त्यांतला कुठला खरा, हे ‘सिलेक्ट’ नावाच्या कप्प्यात पाहावं लागतं.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण सर्व्हर नव्याने उभा करणं त्याहून अवघड असे. विंडोज एनटी ४.० सर्व्हरला मायक्रोसॉफ्टचा आधार २००४ च्या अखेरीस संपला. त्यावर चालणारी जुनी सॉफ्टवेअर बदलता येत नव्हती आणि ज्या यंत्रांवर ती चालत होती ती म्हातारी झाली होती. कुणाची इन्स्टॉलेशनची सीडी हरवलेली, कुणाचा प्रोग्राम लिहिणारा नोकरी सोडून गेलेला. तो सर्व्हर आहे तसा उचलून नव्या यंत्रावर ठेवता आला तर सगळ्यांनाच हवं होतं.

त्यामुळे साधनांचा बाजार उभा राहिला. व्हीएमवेअरचं ‘पी-टू-व्ही असिस्टंट’ जुना सर्व्हर बूट सीडीवरून सुरू करून त्याची डिस्क नेटवर्कवरून पाठवायचं आणि पलीकडे ड्रायव्हरांची अदलाबदल करायचं. मायक्रोसॉफ्टने व्हर्च्युअल सर्व्हर २००५ साठी आपला संच काढला. टोरांटोची प्लेटस्पिन ही कंपनी याच कामावर मोठी झाली आणि नॉव्हेलने २००८ मध्ये ती २० कोटी ५० लाख डॉलरना विकत घेतली. त्याआधी, जानेवारी २००७ मध्ये, व्हीएमवेअरने ‘कन्व्हर्टर’ आणलं आणि त्याची प्राथमिक आवृत्ती फुकट ठेवली. सर्व्हर बंद न करता त्याची नक्कल काढायची, हे त्यामुळे सगळ्यांच्या आवाक्यात आलं. ऑक्टोबर २००९ मध्ये मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांचं ‘डिस्क-टू-व्हीएचडी’ हे इवलंसं साधन आलं. चालू विंडोजचा एका क्षणाचा गोठवलेला फोटो काढणारी शॅडो कॉपीची सोय ते वापरतं.

या साधनांनी सेव्हन-बी बऱ्याच अंशी आवाक्यात आणला. तो हटल्यावर त्याचे भाऊबंद पुढे आले.

पहिला हॅल. एक्सपी आणि २००३ सर्व्हर इन्स्टॉल होतानाच प्रोसेसर एक आहे की अनेक, हे पाहून हॅल निवडत आणि तोच कायम ठेवत. अनेक प्रोसेसरांचा हॅल एकाच व्हर्च्युअल प्रोसेसरवर आला, की मशीन काही न करताही व्यस्त दिसे. दुसरा, भुतासारखं मागे राहिलेलं नेटवर्क कार्ड. नव्या कार्डाला सर्व्हरचा जुना आयपी पत्ता द्यायला जावं, तर विंडोज सांगे की हा पत्ता आधीच दुसऱ्या कार्डाकडे आहे. ते कार्ड तर जुन्या यंत्रासोबत मागे राहिलेलं. डिव्हाइस मॅनेजरमध्येही ते दिसत नसे. कमांड लाइनवर एक व्हेरिएबल १ करून मग डिव्हाइस मॅनेजर उघडला आणि लपलेली उपकरणं दाखवायला सांगितली, की जुन्या सर्व्हरची सगळी गैरहजर उपकरणं फिकट रंगात रांगेने उभी राहत. एकेक पुसून टाकायचं. शिवाय एचपी किंवा डेलच्या सर्व्हरवर पंखे, तापमान, रेड यांवर नजर ठेवणाऱ्या सेवा असत. आता नसलेल्या पंख्यांची चौकशी करत त्या इव्हेंट लॉग भरून टाकत. त्याही काढाव्या लागत.

काही नोंदी यंत्राच्या बाहेर असत. पॅरलल पोर्टला लावलेला डोंगल डिस्कच्या नकलेसोबत येत नाही. लायसन्स नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याला बांधलेलं असेल, तर तो पत्ताही नव्या मशीनला द्यावा लागतो.

डिस्क-टू-व्हीएचडी वापरणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा होता, आणि त्याचा इशारा त्या साधनाच्या माहितीतच दिलेला आहे. तयार झालेली नक्कल त्याच मूळ मशीनला जोडून पाहू नका. एमबीआर पद्धतीच्या डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये चार बाइटची एक सही असते. एकाच मशीनवर एकाच सहीच्या दोन डिस्क दिसल्या, की विंडोज दुसरीची सही गुपचूप बदलते. आणि व्हिस्टापासूनचा बूटचा तपशील डिस्क ओळखतो तो याच सहीवरून. म्हणजे नक्कल नीट आली का, हे पाहण्याच्या नादात ती बूट व्हायची बंद होते.

सगळ्यांत घातक चूक मात्र कुठलाही निळा पडदा दाखवत नाही. डोमेन कंट्रोलर, म्हणजे कार्यालयातल्या सगळ्यांच्या खात्यांचा हिशेब ठेवणारा सर्व्हर, आपल्याकडच्या प्रत्येक बदलाला चढता क्रमांक देतो. त्याचे जोडीदार ‘तुझे अमुक क्रमांकापर्यंतचे बदल मिळाले’ अशी खूण ठेवतात. चालू कंट्रोलरची नक्कल काढली, मूळ यंत्र तोवर काम करत राहिलं आणि मग नक्कल सुरू केली, तर तिचे क्रमांक मागे असतात. ती नवे बदल त्याच जुन्या क्रमांकांनी नोंदवते, जोडीदारांना ते आधीच मिळाल्यासारखे वाटतात आणि ते बदल पुढे जातच नाहीत. याला यूएसएन रोलबॅक म्हणतात. म्हणून कंट्रोलरची नक्कल काढायची तर तो बंद ठेवूनच, आणि जुनं यंत्र पुन्हा नेटवर्कवर आणायचं नाही, हा नियम पडला. नवा कंट्रोलर व्हर्च्युअल मशीनमध्ये मुळापासून उभा करून जुन्याला निवृत्त करणं त्याहून सुरक्षित. व्हर्च्युअल मशीनला मागे नेलं गेलं, तर ते आतल्या विंडोजला कळावं, अशी सोय सर्व्हर २०१२ मध्ये आली.

लिनक्सवाल्यांनी यावर हसण्यात अर्थ नव्हता, त्यांच्याही घराण्यात हा आजार होता. फक्त नाव वेगळं. बूटच्या वेळी लागणारे ड्रायव्हर इनिटआरडी नावाच्या छोट्या गाठोड्यात असतात आणि गाठोडं बांधताना त्याच यंत्राला लागणारे तेवढेच घेतले जातात. परक्या कंट्रोलरवर कर्नल रूट फाइलसिस्टीम जोडू शकत नाही आणि ‘कर्नल पॅनिक’ म्हणून थांबतो. उपाय म्हणजे रेस्क्यू सीडीवरून शिरून गाठोडं नव्याने बांधणं. मग कळे की एचडीए नावाची डिस्क आता एसडीए झाली आहे आणि डिस्कची यादी ठेवणाऱ्या एफस्टॅबमध्ये जुनंच नाव आहे. शिवाय उपकरणांना नावं देणाऱ्या यूडेव्हने जुन्या नेटवर्क कार्डासाठी ईटीएच० हे नाव राखून ठेवल्यामुळे नव्याला ईटीएच१ मिळालं आहे. रेड हॅटच्या लोकांनी तयार केलेली ‘व्हर्ट-पी-टू-व्ही’ आणि ‘व्हर्ट-व्ही-टू-व्ही’ ही जोडी यातलं बरंच काम स्वतः करते.

व्हिस्टापासून विंडोज योग्य हॅल बूटच्या वेळी ठरवू लागली. नवे सर्व्हर मुळात व्हर्च्युअल मशीनमध्येच जन्मू लागले. मायक्रोसॉफ्टने आपल्या व्हर्च्युअल मशीन मॅनेजरमधून २०१२ आर२ आवृत्तीत पी-टू-व्ही काढून टाकलं. व्हीएमवेअरनेही फेब्रुवारी २०२२ मध्ये कन्व्हर्टर डाउनलोडमधून उतरवलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती काढून परत ठेवलं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं. अनेकांनी आपली मशीन प्रॉक्समॉक्ससारख्या प्रणालींवर न्यायला घेतली. प्रॉक्समॉक्सने एप्रिल २०२४ च्या ८.२ आवृत्तीत त्यासाठी आयातीची सोय दिली. आता प्रवास एका व्हर्च्युअल शरीरातून दुसऱ्या व्हर्च्युअल शरीरात असतो. पण व्हीएमवेअरच्या कंट्रोलरवर वाढलेल्या विंडोजला व्हर्टआयओ हा नवा कंट्रोलर अनोळखीच असतो. व्हर्टआयओचा ड्रायव्हर नुसता इन्स्टॉल करून भागत नाही, कारण ते उपकरण प्रत्यक्ष दिसेपर्यंत विंडोज त्याला बूटच्या यादीत घेत नाही. डिस्क तशीच व्हर्टआयओवर लावली, की सेव्हन-बी हजर.

त्यावरचा सर्रास केला जाणारा उपाय असा : मूळ डिस्क आधी साटा कंट्रोलरवर ठेवायची, सोबत एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडायची आणि मशीन सुरू करायचं. विंडोजला नवा कंट्रोलर दिसतो, तिच्या हातून त्याची नोंद होते. मग मशीन बंद करून मूळ डिस्क व्हर्टआयओवर न्यायची, बूटचा क्रम तपासायचा आणि ती रिकामी डिस्क काढून टाकायची.