घोडा कोणाचा? बारगीर आणि शिलेदार

मराठ्यांच्या घोडदळाविषयी आपण बोलतो ते तलवार, भाला आणि वेग यांविषयी. घोडा कोणाच्या पैशाने आला, त्याला चंदी कोण चारी आणि तो रणात पडला तर बुडाले कोण, हे फारसे विचारले जात नाही. स्वार होऊ पाहणाऱ्या तरुणापुढे मात्र पहिला प्रश्न हाच असे.

उत्तरे दोन होती. ज्याच्यापाशी स्वतःचा घोडा आणि हत्यार, तो शिलेदार. ‘सिलाहदार’ म्हणजे शस्त्रधारी या फारसी शब्दावरून. ज्याला घोडा दुसऱ्याकडून मिळे, तो बारगीर. शिलेदाराच्या वेतनात घोड्याचाही हिस्सा धरलेला असे. बारगिराला मिळे ते केवळ माणसाचे वेतन. घोड्याचे भाडे जणू आधीच वळते झालेले!

शिलेदाराची स्थिती वरकरणी अधिक मानाची. परंतु घोडा मेला की त्याचे भांडवल मेले, आणि त्यासोबत नोकरीही. असा मनुष्य शत्रूच्या फळीवर घोडा घालताना हात आखडता घेई. त्याला भित्रेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आपले शेत कोण आगीत लोटील? बारगिराला ती धास्ती नव्हती. मात्र घोडा ज्याचा, त्याची मर्जी सांभाळणे त्याला भाग होते. मोगल सैन्यात असे घोडे पुष्कळदा मनसबदाराचे असत, म्हणून स्वाराची निष्ठाही आधी त्याच्याशी आणि मग बादशहाशी.

शिवाजी महाराजांनी नेमका येथेच घाव घातला. घोड्यांचा मालक सरदार नव्हे, तर राज्य. हीच सरकारी पागा. सभासदाच्या बखरीतील रचना प्रसिद्ध आहे: २५ बारगिरांवर एक हवालदार, ५ हवालदारांवर जुमलेदार, १० जुमल्यांवर हजारी. दर २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. शिलेदारही होतेच, पण भर पागेवर राहिला.

मालकी राज्याची, तर खर्चही राज्याचाच. चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले महाराजांचे पत्र या दृष्टीने पुन्हा वाचावे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, ही त्यातील आज्ञा सर्वांना ठाऊक असते. पण पत्राचा मोठा भाग दाणावैरणीचा आहे: साठा आताच उधळला तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, दिव्याची जळती वात उंदराने नेली तर गवत पेटेल. इतक्या बारकाईने लिहिणारा राजा त्या घोड्यांचा मालक होता, हे विसरू नये.

पुढे सरदारांच्या स्वतंत्र फौजा वाढल्या. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर झाल्या, आणि तेथील लोकांनी त्या स्वारांना नाव दिले ‘बर्गी’. बारगीर या शब्दाचेच ते रूप. बंगालच्या अंगाईगीतांत आजही भीती घालतो तो असा स्वार, ज्याच्या नावाचा अर्थच ‘दुसऱ्याच्या घोड्यावरचा’!

इंग्रजांनीही ही पद्धत उचलली. ‘सिलेदार’ पलटणींत स्वार घोड्यासाठी ठरावीक रक्कम भरी. त्या जागेला ‘असामी’ म्हणत. ऐपतदार देशी अधिकारी अनेक असाम्या बाळगून त्यांवर बारगीर बसवीत आणि वेतनातला घोड्याचा वाटा स्वतः घेत. शांततेच्या काळात हे सरकारला स्वस्त पडले. पहिल्या महायुद्धात मात्र मेलेल्या घोड्यांची भरपाई या हिशेबाने होईना, आणि युद्धानंतर ती पद्धत बंद करण्यात आली.