लॅपटॉपवर गेम अडकणे

व्हिडिओ गेमचे चित्र तुटक, सावकाश किंवा झटके देत चालणे. पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम उमटल्या तर हालचाल सलग दिसते. म्हणजे एका फ्रेमसाठी यंत्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. हा दर ३० च्या खाली घसरला की धावपळीचे गेम खेळवत नाहीत. दुरुस्तीला नेल्यावर ‘विंडोज मारून घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो. त्याचा उपयोग क्वचितच होतो.

गेम कधी अडकतो, यावरूनच बरेचसे निदान होते. पहिली दहा-पंधरा मिनिटे सुरळीत आणि मग घसरण झाली, तर कारण उष्णता. पहिल्या मिनिटापासून संथ चालत असेल, तर ग्राफिक्स किंवा चार्जर. मधूनच सेकंदभर चित्र गोठत असेल, तर रॅम अपुरी किंवा जुनी हार्ड डिस्क.

परतूर तालुक्यातील आष्टी (जि. जालना, बीड जिल्ह्यातले आष्टी वेगळे) यासारख्या गावांत पहिला संशय उष्णतेवरच घ्यावा. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४० अंशांपुढे जातो, आणि लॅपटॉप साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा, असे कंपन्यांच्याच माहितीपत्रकांत असते. पत्र्याखालच्या खोलीत भर दुपारी ही मर्यादा खेळ सुरू होण्याआधीच ओलांडलेली असते. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या घरात पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा. खेळताना ३ गिगाहर्ट्‌झच्या वर असलेला प्रोसेसरच्या वेगाचा आकडा १ च्या आसपास आला, तर निदान पक्के.

त्यात धुळीची भर. काळ्या रानाची बारीक माती आणि वेचणीच्या दिवसांत उडणारे कापसाचे तंतू पंख्यातून आत जातात आणि पंखा व धातूच्या पात्यांची जाळी यांच्यामध्ये गोधडीसारखा थर धरतात. बाहेरची जाळी स्वच्छ दिसते, म्हणून हा थर वर्षानुवर्षे तसाच राहतो. खालचे झाकण काढून, बॅटरीची पिन सोडवून तो काढावा. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते काडीने अडवून धरावे. मोकळा भरधाव फिरला तर त्याचे बेअरिंग जाते. तीन-चार वर्षे जुन्या यंत्रात प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही वाळलेली असू शकते. गादीवर ठेवून खेळू नये, खालची हवा बंद होते. कोरड्या उन्हाळ्यात कूलरने खोलीचे तापमान उतरते आणि फरक पडतो, मात्र झोत थेट यंत्रावर घेऊ नये. तुषार आत जातात.

कमी व्होल्टेजला मात्र उगाच दोष दिला जातो. बहुतेक अ‍ॅडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, त्यामुळे दाब थोडा उतरला तरी त्याला फरक पडत नाही. लाइट गेल्यावर यंत्र बॅटरीवर येते आणि वीज वाचवण्यासाठी ग्राफिक्सचा वेग कमी करते, हे खरे कारण. बाजारातला कमी वॅटचा चार्जर हे दुसरे: १५० वॅट लागणाऱ्या गेमिंग लॅपटॉपला ६५ वॅटचा चार्जर पुरत नाही.

कार्यालयातून निघालेल्या सेकंडहँड लॅपटॉपमध्ये बहुधा वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते. प्रोसेसरमधले ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरते. त्यावर २००५ साली संगणकावर आलेला ‘जीटीए सॅन अँड्रियास’ आरामात चालतो, २०१५ चा ‘जीटीए ५’ धापा टाकतो. अशा यंत्रात रॅमची एकच पट्टी असेल, तर दुसरी बसवल्याने रॅमकडे जाणारे दोन्ही मार्ग खुले होतात आणि फ्रेम ठळकपणे वाढतात. वेगळे कार्ड असलेल्या यंत्रातही गेम चुकून साध्या ग्राफिक्सवर चालत असतो. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये त्या गेमपुढे ‘हाय परफॉर्मन्स’ निवडावे. ‘गेम बूस्टर’ म्हणून फुकट मिळणारी सॉफ्टवेअरे घेऊ नयेत. ती स्वतःच रॅम खातात.

बिनखर्चाचा उपाय रिझोल्यूशनचा. १९२०×१०८० मध्ये २०,७३,६०० बिंदू रंगवावे लागतात, १२८०×७२० मध्ये ९,२१,६००. म्हणजे ग्राफिक्सचे काम निम्म्याहून कमी. सावल्यांचा दर्जाही उतरवावा. फ्रेमचा दर ४० वर बांधून ठेवला तर यंत्र कमी तापते आणि खेळ एकसारखा चालतो.

ऑनलाइन सामन्यात फ्रेम ठीक असूनही समोरचा खेळाडू उड्या मारत दिसला, तर दोष लॅपटॉपचा नाही, नेटचा आहे. मोबाइल हॉटस्पॉटवर खेळताना हे वारंवार घडते. फोन खिडकीशी ठेवून पिंगचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याच्या वेळेचा, आकडा उतरतो का पाहावे.