क्लाइव्ह : एका आडनावाची गोष्ट

कोलकात्याच्या खाली, हुगळीच्या काठावर बजबज आहे. २९ डिसेंबर १७५६ च्या पहाटे रॉबर्ट क्लाइव्हची फौज रात्रभर चिखल तुडवून इथे पोहोचली आणि पहारे न लावताच झोपली. सिराजउद्दौल्याचा कोलकात्यावरचा अधिकारी माणिकचंद तिच्यावर तुटून पडला. पहारा न लावणं हा आमच्या पेशात अक्षम्य गुन्हा! तरी क्लाइव्ह निभावला, माणिकचंद मागे फिरला. किल्ला मात्र घेतला तो स्ट्रॅहन नावाच्या खलाशाने. दारूच्या तारेत तो एकटाच आत घुसला, बाकीचे त्याच्या मागून.

दहाच महिने आधी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, हाच क्लाइव्ह आणि हाच अ‍ॅडमिरल वॉटसन आपल्या विजयदुर्गावर होते, तुळाजी आंगऱ्यांच्या विरोधात. पेशव्यांनीच इंग्रजांना सोबत घेतलं होतं. हे सांगताना माझी जीभ आजही अडखळते.

आता ही नावं बघा. आंगरे मूळचे संकपाळ. आंगरवाडी गावावरून आंगरे झाले. क्लाइव्हचंही तसंच. जुन्या इंग्रजीत ‘क्लिफ’ म्हणजे कडा किंवा उतार. अशा जागेवर वसलेली क्लाइव्ह नावाची गावं श्रॉपशायर आणि चेशायरमध्ये आहेत. रॉबर्टचा जन्मही श्रॉपशायरमधलाच, १७२५ चा. म्हणजे आपल्या भाषेत तो ‘कडेकर’! क्लिफ, क्लीव्ह ही त्याच शब्दाची भावंडं.

वॉटसन हे निराळं. वॉट हे वॉल्टरचं लाडकं नाव, त्याचा मुलगा तो वॉटसन. वॉल्टर गावोगाव होते, म्हणून उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये वॉटसन उदंड. क्लाइव्ह नावाची गावं मोजकी, म्हणून त्या आडनावाची माणसंही मोजकीच. गावावरून पडलेल्या आडनावांचं आपल्याकडेही असंच असतं. गाव लहान तर आडनाव विरळ.

पण खरी गंमत पुढेच. बंगालच्या पैशावर गब्बर झालेल्या रॉबर्टच्या मुलाने, एडवर्डने, हर्बर्ट घराण्यातली मुलगी केली. तिच्या भावाला मूलबाळ नव्हतं. त्या मामाच्या इस्टेटीसाठी रॉबर्टच्या थोरल्या नातवाने १८०७ मध्ये क्लाइव्ह आडनाव टाकून हर्बर्ट लावलं. प्लासीला अवघी पन्नास वर्षं झाली होती! धाकट्या नातवाच्या वंशात ते उरलं, पण तेही पुढे ‘विंडसर-क्लाइव्ह’ असं जोडून. हिंदुस्थानातून नेलेल्या वस्तू आजही वेल्समधल्या पोविस किल्ल्यात आहेत, आणि त्या घराण्याचं आडनाव हर्बर्ट.

आडनाव असं आटलं, पण त्याचं पहिलं नाव झालं. कोलकात्यात जन्मलेल्या थॅकरेने आपल्या कादंबरीतल्या नायकाला क्लाइव्ह हे नाव दिलं. इंग्रजी मुलखात पुढे क्लाइव्ह नावाची मुलं पुष्कळ झाली. आपल्या पिढीला तर क्लाइव्ह म्हटलं की वेस्ट इंडीजचा लॉईडच आठवतो. गयानाचा हा माणूस इंग्रजांना त्यांच्याच मैदानावर हरवायचा.

कोलकात्यातला क्लाइव्ह स्ट्रीट आता नेताजी सुभाष रोड आहे. आणि प्लासीनंतर क्लाइव्हच्याच काळात ज्याचं काम सुरू झालं, तो फोर्ट विल्यम, आमच्या पूर्व कमांडचं मुख्यालय, त्याला लष्कराने अलीकडेच नवं नाव दिलंय : विजय दुर्ग.