हा ट्रॅक्टर ओढील का? : घोड्यापासून बॅटरीपर्यंत ओढशक्तीच्या कसोटीचा इतिहास

ऑगस्ट 2023 मध्ये दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने ‘प्राइमा ईटी11’ हा विजेवर चालणारा छोटा ट्रॅक्टर देशासमोर ठेवला. घरातल्या साध्या सॉकेटवर सात ते आठ तासांत चार्ज होणारा, शेतात चार तासांहून अधिक चालणारा आणि 1.8 टनांची ट्रॉली ओढणारा, असे त्याचे वर्णन होते. अशा यंत्राबद्दल शेतकरी पहिला प्रश्न विचारतो तो ठरलेला आहे : “हा ओढील का?” प्रश्न साधा आहे, पण त्यामागे दोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. त्या इतिहासाच्या आधारे आणखी एक प्रश्न तपासता येतो. अमेरिका, युरोप आणि आपला पंजाब येथे ट्रॅक्टर ओढण्याच्या ज्या शर्यती होतात, त्यांत विजेचा ट्रॅक्टर टिकेल काय?

‘अश्वशक्ती’ हे एककच मुळी अशा तुलनेतून जन्मले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॉट याला आपले वाफेचे इंजिन विकायचे होते आणि गिऱ्हाइकाला ते किती घोड्यांचे काम करील हे सांगणे भाग होते. त्याने ठरवलेले मान आजच्या हिशेबात सुमारे 746 वॅट भरते. शक्तीचे हे माप प्रयोगशाळेइतकेच बाजारपेठेचेही अपत्य आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी ट्रॅक्टर आले आणि त्यांच्याबरोबर अवाच्या सवा जाहिरातीही आल्या. कॅनडातील विनिपेग येथे 1908 पासून ट्रॅक्टरांच्या जाहीर चाचण्या होऊ लागल्या. पुढे अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझियर या शेतकऱ्याने घेतलेला ट्रॅक्टर कुचकामी निघाला. हा गृहस्थ विधिमंडळात निवडून गेला आणि त्याच्या पुढाकाराने 1919 मध्ये तेथे कायदा झाला. राज्यात विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या नमुन्याची विद्यापीठाकडून चाचणी व्हावी आणि कंपनीचे दावे त्या निकालाशी ताडून पाहावेत, असा त्याचा आशय. 1920 मध्ये पहिली चाचणी पार पडली. तिच्या केंद्रस्थानी होता ट्रॅक्टरच्या मागचा ड्रॉबार. इंजिन किती गरजते याला तेथे महत्त्व नव्हते. ड्रॉबारवर किती ओढ मिळते, कोणत्या वेगाने मिळते आणि त्यासाठी किती इंधन जळते, एवढेच तेथे मोजले जाई. आपल्याकडे मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्था हेच काम करते.

याच सुमारास ओढण्याचा खेळही यंत्रांकडे आला. आधी घोड्यांच्या जोड्या वजन ओढण्याच्या चुरशीत उतरत. 1929 मध्ये मिसूरीतील बोलिंग ग्रीन आणि ओहायोतील व्हॉन्सव्हिल येथे ट्रॅक्टरांच्या शर्यती झाल्याची नोंद आहे. 1969 मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि नियमांत एकसूत्रीपणा आला. तोवर ओझे वाढवण्याची पद्धत गमतीची होती. वाटेत ठरावीक अंतरावर माणसे उभी राहत आणि ओढली जाणारी फळी जवळ आली की तीवर चढत. पुढे तिची जागा यांत्रिक गाडीने घेतली. या गाडीला मागे चाके असतात आणि पुढच्या बाजूला जमिनीवर घासणारा लोखंडी तवा असतो. ट्रॅक्टर पुढे सरकू लागला की गाडीवरची वजनाची पेटी चाकांवरून तव्याकडे सरकते. तव्यावरचा भार वाढतो, घर्षण वाढते आणि अखेरीस ट्रॅक्टरची चाके जागच्या जागी फिरू लागतात. सुमारे शंभर मीटरांची धाव पुरी केली की ‘पूर्ण ओढ’ झाली.

आता विजेकडे वळू. वीज ओढू शकते की नाही, हा प्रश्न आपल्या देशात शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघाला. 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी भारतातली पहिली विजेची गाडी धावली. 1930 पर्यंत बोरघाटातही विजेची इंजिने मालगाड्या चढवू लागली होती. 37 मीटर अंतरामागे एक मीटर चढणारा तो घाट वाफेच्या इंजिनांचा घाम काढीत असे. विजेच्या मोटारीचा विशेष असा की तिला पूर्ण पीळ देण्यासाठी वेग घ्यावा लागत नाही. उभ्या जागेवरून पहिल्या क्षणापासून ती पूर्ण जोर लावते. डिझेल इंजिनाला मात्र जोर देण्यासाठी आधी फेरे वाढवावे लागतात, म्हणून क्लच आणि गिअर लागतात. पण रेल्वेची ऊर्जा डोक्यावरच्या तारेतून येते. शेतात तार नसते. ट्रॅक्टरला आपली शिदोरी पाठीवर बांधून न्यावी लागते आणि खरी अडचण येथूनच सुरू होते.

ही अडचण सोडवण्याचा एक धाडसी प्रयत्न 1959 मध्ये अमेरिकेतील ॲलिस-चाल्मर्स कंपनीने केला. तिने 1008 इंधनघट जोडून सुमारे 15 किलोवॅट वीज निर्माण करणारा ट्रॅक्टर बनवला आणि त्याने नांगरणी करून दाखवली. मुख्यतः प्रोपेन वायूवर चालणारा तो ट्रॅक्टर आज स्मिथसोनियन संग्रहालयाच्या ताब्यात आहे. यंत्र चालले, ओढले. पण शेतापर्यंत पोहोचले नाही.

मग शर्यतीचे काय? थोडा हिशेब मांडू. समजा, ट्रॅक्टरचे वजन 3500 किलो आहे. मातीवर चाकाची पकड मर्यादित असल्याने त्याची ओढ साधारण त्याच्या वजनाच्या आसपासच थांबते; ती 30 किलोन्यूटन धरू. शंभर मीटर ओढण्याचे कार्य झाले 30 लाख जूल, म्हणजे सुमारे 0.83 किलोवॅट-तास. चाके घसरण्यात निम्मी ऊर्जा वाया गेली आणि मोटारीत थोडी उष्णता झाली असे धरले, तरी एका धावेला सुमारे दोन किलोवॅट-तास पुरतात. डिसेंबर 2020 मध्ये भारतीय बाजारात आलेल्या ‘सोनालिका टायगर इलेक्ट्रिक’ची बॅटरी 25.5 किलोवॅट-तासांची आहे. म्हणजे अशा बॅटरीचा बारावा-तेरावा हिस्साही खर्च होणार नाही.

ऊर्जा पुरली, पण शक्तीचे काय? हीच धाव दहा सेकंदांत संपवायची तर ड्रॉबारवर 300 किलोवॅट आणि घसरण धरून चाकांवर सुमारे 600 किलोवॅट लागतील. हे झाले 800 अश्वशक्तींच्या आसपास. हजार अश्वशक्तींहून अधिक ताकदीच्या विजेच्या मोटारगाड्या आज विकल्या जातात. शिवाय दहा-पंधरा सेकंदांसाठी मोटारीवर नेहमीपेक्षा जास्त भार टाकता येतो, कारण तेवढ्यात ती फारशी तापत नाही. एकाच ट्रॅक्टरवर अनेक इंजिने बसवून हजारो अश्वशक्ती काढणाऱ्या सर्वांत वरच्या गटात सामना अवघड आहे. मधल्या गटांत मात्र भौतिकशास्त्राची आडकाठी दिसत नाही.

बॅटरीच्या वजनाचा आक्षेप तर या खेळात उलटाच पडतो. शर्यतीत प्रत्येक गटाला वजनाची मर्यादा असते आणि ती गाठण्यासाठी स्पर्धक ट्रॅक्टरच्या पुढे लोखंडी वजने टांगतात. त्या लोखंडाच्या जागी बॅटरी बसवली की ओझेच कामाला लागते.

म्हणजे विजेचा ट्रॅक्टर शर्यत जिंकू शकेल, असे मला हिशेबावरून वाटते. पण या उत्तराने हुरळून जाऊ नये, असेही इतिहासच सांगतो. शर्यत दहा सेकंदांची असते आणि नांगरणी दिवसभराची. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा किलोवॅट-तास ऊर्जा असते. ट्रॅक्टरच्या इंजिनातून त्यातली तीनेक हाती लागते. बॅटरीतल्या ऊर्जेपैकी 85 टक्के कामी आली असे धरले, तर 25.5 किलोवॅट-तासांची बॅटरी ढोबळमानाने सात लिटर डिझेलएवढी ठरते. सात लिटरांत फवारणी होईल, ट्रॉली ओढली जाईल, बागेतली आंतरमशागत होईल. पण कडक जमिनीत दिवसभर खोल नांगरट होणार नाही. जे यंत्र मैदानात सर्वांत दिमाखदार दिसेल, तेच बांधावर दुपारी थांबलेले आढळेल.

जोर दाखवण्याच्या हौसेची किंमत आपण पाहिली आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यातल्या एका मेळाव्यात ट्रॅक्टरची कसरत करणारा तरुण आपल्याच ट्रॅक्टरखाली सापडून मरण पावला. त्यानंतर राज्य सरकारने अशा कसरतींवर बंदी घातली. मैदानातला जोर आणि शेतातले काम ही दोन वेगळी मापे आहेत, हे क्रोझियरने शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते.

बुदनीच्या संस्थेने फेब्रुवारी 2021 मध्ये आपल्याकडच्या पहिल्या विजेच्या ट्रॅक्टरचा चाचणी-अहवाल मसुद्याच्या रूपात दिला, ही म्हणूनच मला शर्यतीतल्या कोणत्याही विजयापेक्षा मोठी बातमी वाटते. दुर्गापूरच्या याच संस्थेने 1960 च्या दशकात ‘स्वराज’ ट्रॅक्टरची रचना केली आणि 1974 पासून तो पंजाबात तयार होऊ लागला, हेही लक्षात ठेवावे. देशी आराखड्यावर शेतकऱ्याचा विश्वास बसला तो वर्षानुवर्षांच्या कामामुळे. विजेच्या ट्रॅक्टरलाही तीच वाट चालावी लागेल. ड्रॉबारवरच्या ओढीइतक्याच ठळक अक्षरांत ‘एका चार्जमध्ये किती तास नांगरट’ हा आकडा छापला गेला, तर कर्ज काढून ट्रॅक्टर घेणाऱ्या दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याची फसगत टळेल.

तेव्हा “हा ओढील का?” या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. विद्यार्थ्यांनी आणि शेतकऱ्यांनी त्यापुढे लगेच दुसरा प्रश्न विचारावा : “किती वेळ?”