फौजेची शांतता आणि डोंगरातली माणसे

ठाणे जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर १८८२ साली प्रसिद्ध झाले आणि नाशिकचे त्याच्या पुढच्या वर्षी. दोन्हींच्या संपादनाची धुरा जेम्स कॅम्पबेल या सनदी अधिकाऱ्याकडे होती. जव्हार, मोखाडा, पेठ, हरसूल या डोंगरपट्ट्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला आजही या ग्रंथांच्या दारातूनच आत शिरावे लागते. आत शिरताना मात्र दारावर कोण उभा आहे हे पाहून घेतले पाहिजे. या ग्रंथांत डोंगरातला माणूस भेटतो तो बहुधा तीनच रूपांत : 'दरोडेखोर', 'बंडखोर' किंवा 'आळशी व दारूडा'. आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एकाच धाटणीचे वाक्य येते, 'शांतता प्रस्थापित झाली'. ही शांतता कोणाची होती, ती आणताना किती झोपड्या जळल्या, किती माणसे मेली, मागे किती बाया उरल्या, याचा हिशेब त्या वाक्यात नसतो. आम्ही मात्र ते वाक्य इतिहास म्हणून शाळेत शिकलो.

जव्हार-मोखाडा हा मुलूख सलग असला तरी राज्य एक नव्हते. जव्हारला मुकण्यांचे कोळी संस्थान. जयबा मुकणे हा त्याचा मूळपुरुष. १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने त्याच्या वंशजाला राजा म्हणून मान्यता दिली, असे परंपरा सांगते. मोखाडा मात्र इंग्रजी मुलखात, शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून. मधली हद्द कागदावर होती. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांच्या पायवाटांवर ती कुठे उमटलेली नव्हती. राजा कोळी होता म्हणून कोळ्याचे राज्य होते असेही समजण्याचे कारण नाही. ठाण्याचा कलेक्टर हाच जव्हारचा पोलिटिकल एजंट असे. गादीवर कोणीही बसो, दोरी ठाण्यात होती आणि ठाण्याची दोरी मुंबईत.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी सह्याद्रीतले गड-किल्ले निकामी केले. गडाच्या चौक्या-पहाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या कोळ्यांचा घास त्याबरोबर गेला. पाठोपाठ सावकार आला, दिवाणी कोर्ट आले, जमिनी कागदावर गेल्या. एका दशकात या डोंगरांत रामजी भांगरिया आणि रामा किरवा उठले. त्यांचा बंदोबस्त करायला कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश हा अधिकारी नेमला गेला. त्याने बंदोबस्त केला आणि नंतर महादेव कोळ्यांच्या चालीरीतींवर एक विस्तृत प्रबंधही लिहिला. प्रबंध माहितीने भरलेला आहे, नाकारण्यासारखा नाही. पण ज्या हाताने बंदूक धरली त्याच हाताने लेखणी धरली, हे अभ्यासकांनी क्षणभरही विसरता कामा नये. ज्याचा पाठलाग केला त्याचेच 'वर्णन' केले. कोळ्याने मॅकिंटॉशचे वर्णन कुठे लिहिले आहे? त्याला अक्षरच ठेवले नव्हते.

त्यानंतर राघोजी भांगरे. १८४४ पासून नगर, नाशिक, ठाणे, पुणे या जिल्ह्यांच्या घाटमाथ्यावर त्याच्या नावाने सावकार थरथरत होते. त्याला पकडून २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. सरकारी कागदांत सावकारांच्या कापलेल्या नाकांची नोंद तपशिलाने आहे. ती खोटी आहे असे मी म्हणत नाही. राघोजीच्या लोकांनी क्रूरपणा केलाच नाही असे सांगून त्याला देव्हाऱ्यात बसवण्याची मला गरज वाटत नाही. प्रश्न वेगळा आहे. नाक कापले गेले त्याची नोंद होते. जमीन कापली गेली त्याचा मात्र 'निकाल' होतो, कोर्टाच्या शिक्क्यासह.

१८५७ साल उजाडले. डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात त्र्यंबकवर हल्ला झाला आणि मोखाड्याच्या पूर्वेला लागून असलेल्या हरसूलचा बाजार लुटला गेला. पेठ संस्थानचे भगवंतराव यांच्यावर उठावाचे खापर फुटले. त्यांना आणि त्यांच्या साथीदारांना फासावर चढवले गेले. या धामधुमीत इंग्रजांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी कॅप्टन नटॉलच्या हाताखाली कोळ्यांचीच एक पलटण उभारली. डोंगर कोळ्याला ठाऊक, पाऊलवाट कोळ्याला ठाऊक, आणि कोळ्याला कुठे लपता येते तेही कोळ्यालाच ठाऊक. पलटणीने इमानाने काम केले. गरज संपली आणि १८६१ साली पलटण मोडून टाकण्यात आली.

ही गोष्ट आम्हाला नवी नाही. मुंबई लष्करात पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या महारांची भरती गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, १८९२ च्या सुमारास, अशीच बंद झाली आणि गोपाळबाबा वलंगकरांना १८९४ साली तीविरुद्ध अर्ज करावा लागला. परकी फौज कधीच पूर्णपणे परकी नसते. तिचा हुकूम परका असतो, पाय इथलेच असतात. ज्याच्या पोटाला घरी भाकरी नाही त्याच्या हाती ती बंदूक देते, शेजारच्या उपाशी माणसावर ती रोखायला लावते, आणि काम झाले की बंदूक काढून घेते. या पायांना दोष देणे सोपे आहे. त्या पायांना दुसरी वाट कोणी ठेवली होती, हे विचारणे अवघड आहे.

ज्या मुंबईच्या दप्तरात जव्हारची फाइल होती त्याच दप्तरात आणखी एका डोंगराळ, रुक्ष, गरीब मुलखाची फाइल होती. तो मुलूख म्हणजे आफ्रिकेतला सोमाली किनारा. एडन तेव्हा मुंबई सरकारच्या ताब्यात होते आणि १८८४ पासून १८९८ पर्यंत सोमाली किनाऱ्याचा कारभार एडनमार्फत चाले. एडनच्या गोऱ्या छावणीला मटण लागे, ते बर्बेराच्या बंदरातून येई. साम्राज्याला सोमाली माणसाची आठवण आधी झाली ती त्याच्या मेंढ्यांमुळे. १८९९ मध्ये सय्यद मोहम्मद अब्दुल्ला हसन यांनी तिथे बंडाचा झेंडा उभारला. हा माणूस कवी होता. त्याच्या कविता सोमाली लोक आजही मुखोद्गत म्हणतात. इंग्रजांनी त्याचे नाव 'वेडा मुल्ला' असे पाडले. ('दरोडेखोर' राघोजी आणि 'वेडा' सय्यद. साम्राज्याचा शब्दकोश मोठा नव्हता.) त्याच्याविरुद्ध पाठवलेल्या मोहिमांत हिंदी शिपाई होते. १९०३ साली गुंबुरू येथे एक तुकडी जवळजवळ संपूर्ण कापली गेली, तिच्यात शीख शिपाई होते. पंजाबच्या शेतकऱ्याचा मुलगा सोमाली धनगराला मारायला गेला आणि त्याच्या हातून मेला. दोघांचे भांडण काय होते ते दोघांनाही सांगता आले नसते. अखेर १९२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत इंग्रजांनी १२ विमाने आणली आणि दरवेशांच्या तळांवर, तालेहच्या किल्ल्यावर आकाशातून बॉम्ब टाकले. गुरे, बाया, पोरे सगळे तिथेच राहत होते. ही मोहीम स्वस्तात पार पडली म्हणून लंडनमध्ये तिचे कौतुक झाले.

जव्हार-मोखाड्यावर विमाने आली नाहीत. तिथे विमानांची गरजच नव्हती. १८७८ च्या कायद्याने जंगल सरकारचे झाले आणि राबासाठी टहाळ तोडणारा वारली आपल्याच रानात चोर ठरला. बोभाटा इतका झाला की ठाणे-कुलाब्याच्या जंगलप्रश्नावर १८८५ मध्ये सरकारला कमिशन नेमावे लागले. जमीन सावकार-जमीनदारांच्या घरात गेली आणि माणूस वेठीला लागला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही धन्याच्या घरी राबू लागली. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. लग्न आणि गडी हे दोन शब्द एकत्र यावेत, याहून या व्यवस्थेचे वर्णन काय करायचे? १९३८ मध्ये डी. सिमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याने सरकारच्याच सांगण्यावरून या पट्ट्याची पाहणी केली. बोलावणे आले की हातातले काम टाकून वेठीला जावे लागते, न गेल्यास मारहाण होते, असे त्याने स्पष्ट नोंदवले. अहवाल छापला गेला. वेठ चालू राहिली.

अहवालाने जे झाले नाही ते एका सभेने झाले. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान परिषदेला उंबरगावकडचे मूठभर वारली गेले, आणि २३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो वारल्यांनी वेठ बंद करण्याचा निर्धार केला. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. पावसाळा सरला, गवत कापणीला आले, आणि वारल्यांनी ५०० पौंड गवताला अडीच रुपये मजुरी मागितली. मागणी एवढीच. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशींना जे गवत लागे ते कापणाऱ्याला पोटभर अन्न मिळावे, इतकीच.

१० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे हजारो आदिवासी जमले. त्यांना निरोप गेला होता की तुमच्या बाईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, काठ्यालाठ्या घेऊन या. निरोप खोटा होता, जमीनदारांच्या बाजूने पसरवलेला. दुसरीकडे पोलिसांच्या कानी घातले गेले की वारली लुटायला आणि मारायला जमले आहेत. पोलिसांनी गोळीबार केला. माणसे हटेनात, कारण बाई आल्याशिवाय जायचे नाही असे त्यांच्या मनाने घेतले होते. रात्र गेली, दुसरा दिवस उजाडला, गोळीबार थांबून थांबून चालूच होता. जेठ्या गांगड पडला. त्याच्यासह पाच जण मेले.

तेव्हा मुंबई इलाख्यात मंत्रिमंडळ नव्हते. गव्हर्नरची राजवट होती. म्हणजे हुकूम लंडनच्या राज्याचा, निरोप इथल्या जमीनदाराचा, आणि बंदुकीच्या चापावरचे बोट कुठल्या तरी गावच्या गरीब शेतकऱ्याच्या पोराचे. परकीय कोण, हा प्रश्न मला इथे वाटतो तितका सरळ राहत नाही. वारल्याला गोरा साहेब आयुष्यात एकदा दिसला असेल. सावकार रोज दिसे.

याच परिसरात तीन वर्षांपूर्वी, १४ ऑगस्ट १९४२ रोजी, पालघर येथे 'चले जाव'च्या मोर्चावर गोळीबार झाला होता. तिथेही पाच जण मेले. राज्य तेच, पोलीस तेच, आकडाही तोच. पालघर शहराच्या मध्यावर त्या पाचांचा हुतात्मा स्तंभ आहे आणि दर वर्षी लोक तिथे नतमस्तक होतात. ते योग्यच आहे. त्या हौतात्म्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण तलवाड्याच्या पाचांना मराठी माणसाच्या इतिहासाने त्याच पंक्तीला बसवले काय? किसान सभेचे लोक दर १० ऑक्टोबरला त्यांना आठवतात. पांढरपेशा महाराष्ट्राला गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे ही हकीकत कळली. पुस्तक १९७० साली आले, १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. म्हणजे गोळीबारानंतर २५ वर्षांनी. जेठ्या गांगड हे नाव त्यातून निदान काहींच्या ओठी आले. सोबतच्या चौघांची नावे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

मेलेल्यांची मोजदाद हा बिनमहत्त्वाचा तपशील नव्हे. कोण मोजले जाते यावरून कोण माणूस आहे ते ठरते. पुन्हा सोमालियाकडे पाहू. १९९२ च्या डिसेंबरात दुष्काळग्रस्तांना अन्न पोहोचवण्यासाठी अमेरिकेच्या पुढाकाराने फौजा तिथे उतरल्या. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या निशाणाखाली अनेक देशांच्या तुकड्या आल्या, बैदोआच्या भागात भारताची ब्रिगेडही होती. हेतू अन्नाचा होता आणि त्या अन्नाने अनेक जीव वाचलेही. पण १६ मार्च १९९३ च्या रात्री कॅनडाच्या छावणीत शिरला म्हणून पकडलेल्या शिदाने अरोन या सोळा वर्षांच्या पोराला सैनिकांनी हाल हाल करून मारले, आणि त्याच्या रक्ताळलेल्या देहाबरोबर फोटो काढले. त्याच वर्षी १२ जुलै रोजी मोगादिशूत एका घरात हबर गिदिर कुळातली वडीलधारी मंडळी जमली असता अमेरिकन हेलिकॉप्टरांनी त्या घरावर क्षेपणास्त्रे डागली. रेडक्रॉसने ५४ मृत मोजले. संयुक्त राष्ट्रांनी सांगितला तो आकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी. संतापलेल्या जमावाने त्यानंतर चार पत्रकारांना ठार मारले. त्यांचाही काही अपराध नव्हता, आणि त्या चौघांची नावे जगभर छापून आली. ऑक्टोबरच्या चकमकीत १८ अमेरिकन सैनिक पडले. १८ म्हणजे १८. त्याच रात्री पडलेले सोमाली किती? कोणी ३०० म्हणतो, कोणी १०००. सातशे माणसांचा फरक ज्या हिशेबात खपतो, त्या हिशेबात ती माणसे धरलेलीच नसतात.

तरीही कॅनडात एक गोष्ट घडली. छावणीतल्या एका लष्करी डॉक्टराने तोंड उघडले, वृत्तपत्रे मागे लागली, चौकशी आयोग बसला. १९९५ मध्ये ती सबंध पलटण मोडून टाकण्यात आली. आयोगाचे काम सरकारने मध्येच आवरायला लावले आणि वरच्या मंडळींपैकी फारशा कोणाला झळ लागली नाही. पण शिदाने अरोनचे नाव पुसता आले नाही.

आमच्याकडे एप्रिल १९४६ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. गृहखाते मोरारजी देसाईंकडे होते. वारल्यांना वाटले, आता आपले राज्य आले. ऑक्टोबरात जंगलकामाच्या मजुरीसाठी पुन्हा संप झाला. आपल्या राज्याने परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार केले आणि हत्यारबंद पोलीस डोंगरात पाठवले. ७ जानेवारी १९४७ रोजी पालघर तालुक्यातल्या नानिवली येथे गोळीबार झाला. स्वातंत्र्याला तेव्हा सात महिने उरले होते. नानिवलीतही मेलेल्यांचा आकडा पाचच होता.